बाटलीतला आंबट वास

मार्चमधल्या एका रविवारी म्युनिकहून चिरंजीवांचा फोन आला. मे महिन्यात तीन आठवड्यांची रजा काढून तो सिल्वासाला येणार होता. खुशाली झाली, आंब्यांची चौकशी झाली आणि मग सहज विचारावे तसे त्याने विचारले, "बाबा, यंदा घरीच बिअर करू या का? आपल्याकडच्या उन्हाळ्यात कोणती बरी लागेल, तेवढंच ठरवायचंय."

माझ्या हातातला चहा हातातच राहिला. तीस वर्षे शाळेत काढलेला मी माणूस. दर वर्षी २६ जूनला व्यसनमुक्तीवर मुलांपुढे बोलतो. सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातूनच निकाल दिला, "हेडमास्तरांच्या मोरीत भट्टी लागली म्हणून सगळ्या सोसायटीत सांगत फिरा आता!"

खरे तर आमच्या गावी बिअरचे अप्रूप नाही. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ साली झाला, तेव्हा हा मुलूख पोर्तुगिजांकडे होता. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झाले. १९६० साली वेगळ्या झालेल्या गुजरातेने दारूबंदी कायम ठेवली आणि इकडे मोकळीक राहिली. परिणाम असा, की सुटीच्या संध्याकाळी वापीकडून गाड्या येतात आणि त्या कशासाठी येतात हे शेंबडे पोरही सांगेल. अशा गावात कुणी घरी बिअर करायला निघावे, म्हणजे नळ सोडून आड खणण्यासारखेच.

पण चिरंजीव चिकाटीचा. दर रविवारी फोनवरून त्याने माझी शिकवणीच घेतली, आणि मास्तर म्हणून कबूल करतो, ती मला आवडू लागली. बिअर म्हणजे मूळ सातूचे पाणी. सातू भिजवायचे, मोड आणायचे, वाळवून भरडायचे. मी म्हटले, "अरे, हे तर नाचणीचं सत्त्व! लहानपणी तुला त्यावरच वाढवलं." तो हसला. पुढे ती भरड गरम पाण्यात मुरवून तिचा गोडवा उतरवायचा, गाळून घेतलेले पाणी हॉप नावाच्या कडवट फुलांबरोबर उकळायचे, निववायचे आणि यीस्ट घालून आंबवायचे. आम्ही दारू 'गाळतो', ताडी 'उतरवतो', पण बिअरसाठी मराठीला स्वतंत्र क्रियापद नाही. 'आंबवणे' हेच त्यातल्या त्यात जवळचे.

खरी अडचण उन्हाळ्याची. लागर जातीच्या बिअरला आंबताना दहा-बारा अंशांचा गारवा लागतो आणि पुढे काही आठवडे त्याहून थंड जागा. गव्हाची बिअर वीस अंशांच्या आसपास खूश असते. तिला म्हणे केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. उष्म्यात बिअर नासते म्हणून बव्हेरियाच्या ड्यूकने १५५३ साली २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर करायलाच बंदी घातली होती. पुढे १८७०च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांनी म्युनिकच्या बिअर कारखान्यात शीतयंत्र बसवले. आपल्या घरातल्या फ्रीजच्या कुळकथेत बिअरचाही वाटा आहे, हे मला या वयात कळले.

राहिली बेल्जियमची 'सेझाँ'. नावाचा अर्थच हंगाम. तिकडचे शेतकरी ती थंडीत करून ठेवीत आणि उन्हाळ्यात शेतावरच्या गड्यांना पाजीत, असे सांगतात. तिचे काही यीस्ट तिशीच्या वरच्या उष्म्यातही काम करते. "बाबा, आपल्यासाठी हीच!" चिरंजीवाने ठरवून टाकले.

मे महिन्यात तो आला, तो यीस्टची पुडी आणि घनता मोजायची काचेची नळी घेऊनच. दुपारी माळ्यावरच्या खोलीत पारा छत्तीसवर होता. मी मात्र तोवर दुसरा विचार केला होता. म्हटले, "हे बघ, जर्मनीत घरच्यापुरती बिअर करायला कायद्याने मुभा आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय मादक पेय करता येत नाही. मी मुलांना नियम शिकवतो. या घरात ते होणार नाही." त्याचे तोंड उतरले. "मग उन्हाळ्यात घरचं असं प्यायचं तरी काय?"

भांडी घासता घासता आमच्याकडे कामाला येणाऱ्या वारली मावशी म्हणाल्या, "गुरुजी, नागलीची आंबील करा की! एवढं काय त्यात?"

त्यांनीच ती शिकवली. नाचणीला इकडे नागली म्हणतात. तिचे पीठ पाण्यात कालवून मडक्यात झाकून ठेवायचे. उन्हाळ्यात एक रात्र पुरते. सकाळी पाण्याला आधण आणून मीठ घालायचे, आंबलेले पीठ त्यात हळूहळू ओतून गुठळी होऊ न देता शिजवायचे, निववायचे आणि ताकात पातळ करून वर ठेचलेली लसूण, जिरे, कांदा. चिरंजीव शास्त्र सांगू लागला: बिअरमध्ये यीस्ट साखरेचे मद्य करते, इथे जिवाणू पिठात आम्ल तयार करतात, म्हणून आंबट लागते पण चढत नाही. याच नागलीची सिक्कीमकडे तोंगबा होते, ती मात्र चढते. धान्य तेच, आंबणे तेच, वाट वेगळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी मडक्यावरचे झाकण काढले. बारीक बुडबुडे, फसफस आणि एक आंबूस वास. तो वास नाकात शिरला आणि मी मटकन पाटावर बसलो. हा वास माझ्या ओळखीचा होता.

२००४ सालचा एप्रिल. सकाळची शाळा. मी तेव्हा नववीचा वर्गशिक्षक. खानवेलच्या पलीकडच्या पाड्यावरून येणारा एक मुलगा बाकावर पेंगत होता. त्याने पाण्याची बाटली उघडली, तशी ती फुसकन आवाज करून फेसाळली आणि वर्गभर आंबट वास पसरला. मी बाटली हिसकावली. "ताडी? शाळेत ताडी?" सगळ्या वर्गादेखत ती मोरीत ओतली. "बापाला घेऊन ये, मगच वर्गात बस." तो त्याच्या बोलीत काहीतरी सांगत होता. मी ते ऐकून घेतले नाही. बाप आला नाही. मुलगाही पुन्हा आला नाही. मी वार्षिक अहवालात 'गळती' या रकान्यात एक आकडा वाढवला.

ताडी पांढुरकी असते, पाणी घातलेल्या दुधासारखी. रात्री मडके बांधायचे, पहाटे उतरवायचे. मडक्याला आतून चुना असेल तर नीरा गोड राहते, नाहीतर दुपारपर्यंत फेस धरून चढू लागते. या मुलखात वीस-बावीस वर्षे राहिल्यावर हे कुणालाही माहीत होते. आणि त्या दिवशी मोरीत काय सांडले होते, तेही मला आजही दिसते: तांबूस, करडा, गढूळ साका. मी डोळ्यांनी नागली पाहिली होती आणि नाकाने ताडी ठरवली होती.

वाचकहो, आपण सीमेवरची माणसे. गुजराती पाट्यांमध्ये मराठी कुठे बसते, आपल्या शाळांचे वर्ग का ओस पडतात, यावर याच अंकांतून आपण पानेच्या पाने लिहितो. मीही लिहिली आहेत. पण त्या वर्गात मराठी आणि गुजरातीखेरीज तिसरी भाषा बोलणारा एक मुलगा होता आणि त्याचे एक वाक्य ऐकून घ्यायला मराठीच्या या एम.ए.ला अर्धे मिनिट नव्हते.

चिरंजीवाला सारे सांगितले. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानेच गाडी काढली. विचारत विचारत पाडा सापडला. मुलगा आता पस्तिशीचा, वापीत कारखान्यात कामाला. घरी त्याची आई होती. मी नाव सांगितले, शाळा सांगितली, बाटलीचे सांगितले. म्हातारी बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली.

"आंबीलच होती, गुरुजी," ती म्हणाली. "मीच दिलेली. घरात दुसरं काही नव्हतं त्या दिवशी."

मी हात जोडले. तिने 'असू द्या' म्हटले नाही आणि म्हणावे असेही मला वाटले नाही. ती आत गेली आणि दोन पेले आंबील घेऊन बाहेर आली. आम्ही अंगणात बसून ती प्यायलो. इतकी गार आंबील मी पुन्हा प्यायलेलो नाही.

दारूने उद्ध्वस्त झालेली घरे मी पाहिली आहेत. २६ जूनचे भाषण मी बदललेले नाही. पण या वर्षी त्यात एक गोष्ट वाढवली. मुलांना आणि मुख्यतः शिक्षकांना मी ती बाटलीची हकीकत सांगितली, माझी म्हणून सांगितली. शिक्षकांच्या बैठकीत एवढेच ठरवले, की कुणाची बाटली, कुणाचा डबा, कुणाचा वास यावरून काही बोलण्याआधी ज्याचा तो आहे त्याला विचारायचे आणि तो ज्या भाषेत सांगेल त्या भाषेत ऐकायचे.

चिरंजीव जाताना दोन किलो नागलीचे पीठ घेऊन गेला. यीस्टची पुडी आमच्या फ्रीजमध्ये तशीच आहे. परवा त्याचा फोन आला, "बाबा, इथे थंडी पडली, दोन दिवस झाले तरी आंबत नाही. काय करू?"

मी मावशींना विचारले. त्या म्हणाल्या, "चुलीशेजारी ठेव म्हणावं, आणि घाई करू नको."