चि. मुक्ताला पत्र

कोल्हापूर, भाऊबीज

चि. मुक्ता,


तुझं पत्र ऐन दिवाळीत पोचलं. फ्रेंच लोकांच्या 'ज्वा द व्हिव्र'बद्दल, त्या भरभरून जगण्याबद्दल, चार पानं लिहिलीस. नदीकाठची दुपार, वाइन, न संपणाऱ्या गप्पा. छानच आहे. पण पोरी, कोल्हापुरात वाढलीस आणि हे तुला लिऑनला जाऊन दिसलं होय?

काल पाडव्याला पंचगंगा घाटाकडे गेलो होतो. म्हशी नटून आलेल्या. शिंगं तासून रंगवलेली, वर मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायात चाळ. एकीच्या पाठीवरचे केस असे भादरलेले की मधोमध मालकाचं नाव उमटलेलं. सायलेन्सर काढलेली मोटरसायकल मालकानं रेस केली की म्हैस शेपटी उभारून तिच्यामागं सुसाट! (कानठळ्या बसतात, तेवढं मला पटत नाही.) वर्षभर जिच्या धारेवर घर चालतं तिला मिरवायची हौस, दुसरं काय. आणि गंगावेशीतला दूध कट्टा विसरलीस का? डोळ्यांसमोर धार काढलेलं कोमट, फेसाळ दूध उभ्याउभ्या प्यायचं आणि मिशी पुसत राजकारण बोलायचं.

इथली मौज एकट्यादुकट्याची नाही. तिला पेठ लागते, तालीम लागते. शाहू महाराजांनी तर तिला हक्काची जागाच करून दिली. 1902 साली विलायतेच्या दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि 1912 साली खासबाग मैदान उभं राहिलं. मध्ये हौदा, भोवती चढत गेलेली गोल बैठक. पार मागं बसलेल्या हमालालाही डाव दिसावा. पुढं पेठांतल्या तालमींनीच फुटबॉलही डोक्यावर घेतला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही तालमींवरून आलेली संघांची नावं ऐकून परक्याला कुस्तीच आठवेल. 2022 च्या विश्वचषकात चौकाचौकात मेस्सी आणि नेमारचे कटआउट उभे होते, अन् ब्राझील हरल्यावर आपल्या गल्लीत सुतक पडलं होतं. या तालमींमधली ईर्ष्या कधी हाणामारीवर जाते, सामना थांबतो, पोलीस येतात. तुझ्यापासून काय झाकायचं?

उन्हाळ्यात आलीस तर शाहू स्टेडियमवर सामन्याला नेतो. तुझ्या एखाद्या मैत्रिणीलाही आण. फक्त कुठल्या संघाच्या बाजूला बसायचं ते मामीला विचारू नकोस. तिचं माहेर दुसऱ्या पेठेतलं.

तुझा,
मामा