ऑलिव्हिए रुआ यांचं ऋण

ऑलिव्हिए रुआ यांना मी कधी भेटलो नाही. तरी माझं हैदराबाद मला उलगडून दाखवलं ते या फ्रेंच राज्यशास्त्रज्ञानं. १९४९ साली जन्मलेले रुआ विशीच्या आतच अफगाणिस्तानात जाऊन आले. पुढं सोव्हिएत फौजांविरुद्धच्या युद्धात तिथं पुन्हा पुन्हा गेले आणि आधुनिक जगात इस्लामचं काय होतंय, हा प्रश्न त्यांनी जन्मभर सोडला नाही. 'होली इग्नोरन्स' हे त्यांचं पुस्तक मूळ फ्रेंचमध्ये २००८ साली आलं. त्याचं इंग्रजी भाषांतर मला आबिड्सच्या रविवारच्या पुस्तकबाजारात मिळालं.

धर्म संस्कृतीपासून सुटा होतो तेव्हा तो कडक होत जातो, असं रुआ सांगतात. वाचताना मला माझी आजी आठवली. ती नांदेडकडची. मोहरमच्या दहाव्या दिवशी दबीरपुऱ्यातून हत्तीवर बीबीचा अलम, म्हणजे पवित्र निशाण, निघाला की ती त्याला धट्टीचं कापड चढवायला जायची. लहानपणी तिनं आम्हा भावंडांना 'फकीर' केलं होतं: गळ्यात लाल-हिरवा नाडा, घरात चोंग्यांचा गोड प्रसाद. शिया कोण, सुन्नी कोण, तिच्या गावीही नव्हतं. संध्याकाळी विठोबाची आरती व्हायची ती व्हायचीच.

शेजारचे चाचा मोहरमच्या त्या दिवशी गल्लीत शरबत वाटायचे. त्यांचा मुलगा जेद्दाहून परतला आणि त्यानं हे सगळं बिदअत, म्हणजे धर्मात मागाहून घुसलेली प्रथा, ठरवून बंद केलं. लोक म्हणाले, पोरगा फार जुन्या वळणाचा झाला. रुआ वाचल्यावर लक्षात येतं, जुनं वळण तर चाचांचं होतं! मुलाचा धर्म अगदी नवा. त्याला गल्ली नाही, दखनी बोली नाही, शरबत नाही. म्हणूनच तो जेद्दा, पॅरिस, हैदराबाद कुठंही सारखाच रुजतो. रुआ हे फक्त मुसलमानांबद्दल म्हणत नाहीत, अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथांनाही तेच माप लावतात. आमच्याच घरातला पुतण्या आजीच्या अलमाला 'आपलं नव्हे' म्हणाला, तेव्हा मला तेच माप हाती घ्यावं लागलं.

पण एका ठिकाणी माझं मन रुआंपाशी थांबत नाही, मराठी विचारवंत नरहर कुरुंदकरांकडे वळतं. कुरुंदकर काही काळ हैदराबादेतच शिकले. नांदेडला बसून ते विचारत राहिले की नागरिकाचा कायदा धर्मग्रंथानं का ठरवावा. ग्रंथ काय म्हणतो यापेक्षा मुसलमान प्रत्यक्षात कसे जगतात ते पाहा, असं रुआ सांगतात, आणि ते खरंच आहे. पण १८ एप्रिल १९६६ला समाजसुधारक हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा काढला, तो तोंडी तलाकाविरुद्ध होता. त्या बायकांच्या जगण्यात ग्रंथाचा अर्थ लावणारेच आडवे आले होते. समाज हळूहळू इहवादी होईल, म्हणून त्यांनी किती वाट पाहायची?

हाच प्रश्न घेऊन मी रुआंचं ते पुस्तक चाचांच्या मुलाला दिलं. परत आलं तेव्हा समासांत पेन्सिलीच्या खुणा होत्या. 'बिदअत'चा अर्थ रुआंना कळलेला नाही, असं त्याचं ठाम मत आहे. तलाकाच्या बाबतीत मात्र तो दलवाईंच्या बाजूनं आहे. हे त्याच्या तोंडून ऐकायला मला रुआंच्या पुस्तकाची मदत झाली. आता त्याला कुरुंदकरांचं 'जागर' हवंय. देवनागरी लिपी त्याला येत नाही, म्हणून शुक्रवारच्या नमाजानंतर मी त्याला ते वाचून दाखवतो.