आजोबांची कॅसेट

धान घरात आले की आमच्या आरमोरीकडे मंडया सुरू होतात, आणि मंडईच्या रात्री नाटक हे असतेच. माझे आजोबा या झाडीपट्टीतले नावाजलेले नट. त्यांना प्रॉम्प्टर कधी लागला नाही, ही आमच्या घराण्याची प्रौढी! १९८६ च्या मंडईत काकांनी रंगमंचाच्या कडेला टेपरेकॉर्डर ठेवून त्यांचे नाटक भरून घेतले. म्हणजे नव्वद मिनिटांत मावले तेवढे. आजोबा गेले, कॅसेट राहिली. आजी ती त्याच टेपरेकॉर्डरवर अजून ऐकते.

यंदा दिवाळीत ती कॅसेट घेऊन मी चंद्रपूरला एका वर्गमित्राच्या मामांकडे गेलो. त्यांच्याकडे भारी किमतीचा डेक आणि माझ्या छातीला लागतील एवढे उंच स्पीकर. मला वाटले, आता आजोबा समोर उभे राहणार. झाले उलटेच. घोंगडीआडून बोलल्यासारखा आवाज, आणि त्याच्या तळाशी जनरेटरची घरघर. आमचे खोके यापेक्षा बरे!

मामा हसले. कॅसेटची फीत जेमतेम ३.८ मिलिमीटर रुंद. ती वाचणारे हेड केसभर जरी तिरके असले, तरी वरचे बारीक स्वर पुसले जातात. आमच्या टेपरेकॉर्डरचे हेड तिरकेच होते. भरले तिरके, वाजवलेही तिरके. त्यामुळे घरी कुणाला पत्ताच नव्हता. घरघरीचेही तेच. वीतभर नसलेला स्पीकर इतके खालचे स्वर काढूच शकत नाही. गरिबाच्या यंत्राने आमची अब्रू झाकली होती म्हणायची.

जे टिपलेच गेले नाही, ते कितीही महागडा स्पीकर परत आणू शकत नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान कर्ण्यासमोर गायल्या. त्या कर्ण्याने जे सोडले ते कायमचे गेले. आमच्या फितीत मात्र सारे होते. मामांनी पेचकसाने हेडचा स्क्रू किंचित फिरवला, आणि तबल्याची चाट खणखणली. आजोबांचा श्वाससुद्धा ऐकू आला. आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याआधी तेच वाक्य कुजबुजणारा दुसरा एक आवाज.

आजीला सांगावे की नाही, यात चार दिवस गेले. शेवटी सांगितले. ती तांदूळ निवडत होती.

"मले मालूम हाये," ती मान वर न करता म्हणाली. "त्या साली त्यायच्या ध्यानात राहात नव्हता. मीच मांगं मानूस बसवाले लावला होता."

मग तिने हात पुसले आणि कॅसेट आपल्या खोक्यात घातली.