विहिरीत पाणी किती?

परीक्षा आली की आपल्या हॉस्टेलवर काय चालतं ते तुम्हाला सांगायला नको. पीएल लागते, झेरॉक्सवाल्याकडे रांग लागते, 'इम्पॉर्टंट'चे कागद एका रूममधून दुसऱ्या रूममध्ये फिरतात आणि जो सगळ्यात हुशार, त्याच्या रूमवर गर्दी होते. पण खरा ग्रुप स्टडी मी इंजिनिअरिंगला यायच्या आधीच पाहिला होता, आणि तोही दवाखान्यात काम करणाऱ्यांचा!

मी जव्हारचा. आमचा जिल्हा आधी ठाणे, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर. २०२२ च्या उन्हाळ्यात माझी बारावी नुकतीच संपली होती, सीईटीची तयारी चालू होती. त्याच वेळी माझी ताई समुदाय आरोग्य अधिकारी होण्यासाठीचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करत होती. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजना आली, तेव्हा उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं करायचं ठरलं. (२०२३ मध्ये त्यांचं नाव आयुष्मान आरोग्य मंदिर झालं.) तिथे हा अधिकारी नेमायचा. नर्सिंग किंवा बीएएमएस झालेल्यांनी हा कोर्स करायचा, परीक्षा पास व्हायची, मग उपकेंद्र तुमच्या ताब्यात. आदिवासी आणि डोंगराळ भागात एका उपकेंद्रामागे ३००० लोकसंख्या धरतात. कागदावर हा एक आकडा, प्रत्यक्षात डोंगरउतारांवर विखुरलेले पाडे.

ताईबरोबरचे तिघे रोज संध्याकाळी आमच्याकडे अभ्यासाला जमायचे. एक मैत्रीण मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्याकडची, एक विक्रमगडची, आणि एक नाशिकचे बीएएमएस सर. सरांचं पाठांतर जबरदस्त! पुस्तकाचं पान सांगा, ते मजकूर सांगणार. आई नागलीच्या भाकऱ्या करायची आणि मी पुस्तक हातात धरून प्रश्न विचारायचो. मला विषयातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून मी अगदी निःपक्षपाती परीक्षक!

एके दिवशी प्रश्न आला विहिरीच्या शुद्धीकरणाचा. हे तर माझंच क्षेत्र. वर्तुळाकार विहीर, व्यास ४ मीटर, पाण्याची खोली २ मीटर. ३.१४ गुणिले व्यासाचा वर्ग गुणिले खोली, भागिले ४. आले २५.१२ घनमीटर, म्हणजे साधारण २५ हजार लिटर. चांगल्या प्रतीची टीसीएल पावडर १००० लिटरला २.५ ग्रॅम, म्हणजे सुमारे ६३ ग्रॅम. मी छाती फुगवून उत्तर सांगितलं.

खोडाळ्याची ताई म्हणाली, "अरे, पण खोली २ मीटर कधीची? आमच्या विहिरीत एप्रिलमध्ये गुडघाभर पाणी असतं. पहिला पाऊस पडला की तीच विहीर भरते, आणि सगळा गाळ वाहून तिच्यातच येतो. हगवण तेव्हाच लागते. मग कुठला आकडा धरू?"

सर थांबले. पुस्तकात उत्तर होतं, पण पुढच्या परिच्छेदात. पाणी गढूळ असेल तर नुसत्या घनफळावर भागत नाही. हॉरॉक्सच्या पेटीतल्या सहा पांढऱ्या कपांत पाणी घेऊन वाढत्या प्रमाणात पावडरचं द्रावण घालायचं, अर्ध्या तासाने कुठल्या कपात निळा रंग येतो ते बघायचं आणि त्यावरून डोस ठरवायचा. विहिरीत पावडर टाकल्यावर तासाभराने क्लोरीन शिल्लक आहे का, तेही तपासायचं. सरांना हे सगळं तोंडपाठ होतं. ते कशासाठी करायचं, हे त्या दिवशी कळलं, असं तेच म्हणाले.

मग अभ्यासाची पद्धतच बदलली. सरांनी नियम सांगायचा आणि बाकीच्यांनी तो आपापल्या पाड्यावर नेऊन बघायचा. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात. बरं, पण घरात लिटरचं माप कुठलं? तर आधी त्या घरातला तांब्या मोजून ठेवायचा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर. बरं, पण बाळ ऑगस्टमध्ये जन्मलं तर नऊ महिने मे मध्ये भरतात, आणि दिवाळीनंतर आईबाप भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर गेलेले असतात. तर लसीकरणाचं कार्ड आईच्या गाठोड्यात हवं आणि भट्टी कुठल्या गावाजवळ आहे, ते आपल्या वहीत हवं.

एक संध्याकाळ मात्र वेगळी गेली. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते मूल अतितीव्र कुपोषित, हा प्रश्न होता. मला सवयीने गणित सुचलं. घेर भागिले ३.१४, व्यास साधारण ३.७ सेंटिमीटर. मी बोटांनी तेवढं अंतर करून दाखवलं आणि सगळे गप्प झाले. बाबा दारात बसले होते. ते म्हणाले, "वावर-वांगणी." १९९२-९३ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या त्या गावांत कुपोषणाने मुलं गेली आणि जव्हार-मोखाडा ही नावं देशभर पेपरात आली. २०१६ मध्ये मोखाडा पुन्हा बातम्यांत होतं. या चौघांना जिथे काम करायचं होतं, ते हेच गाव-पाडे. हा दोन मार्कांचा प्रश्न होता, पण त्या रात्री कुणी मार्कांविषयी बोललं नाही.

चौघेही पास झाले. सरांना सगळ्यात जास्त मार्क. पण पेढे घेऊन आले तेव्हा त्यांनी पहिला पेढा खोडाळ्याच्या ताईला दिला.

आता मी फायनल इयरला आहे. वैतरणेवरच्या धरणांचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात, हे मी लहानपणापासून पाहतोय. हायड्रॉलिक्सच्या पेपरात पाण्याची खोली 'दिलेली' असते. उद्या साइटवर ती कोण देणार? आपल्यालाच दोर सोडून मोजावी लागणार, आणि दर महिन्याला नव्याने.

तेव्हा मित्रहो, यंदा पीएलमध्ये ग्रुप कराल तेव्हा टॉपर जरूर घ्या. पण त्याच्याबरोबर असा एक जण घ्या, जो मध्येच अडवून विचारेल, "हे आमच्या गावात कसं लागू पडणार?" अभ्यास थोडा रेंगाळेल, पण डोक्यात पक्का बसेल.