नायकाच्या पाठीमागची मुंबई

पडद्यावर रस्त्याच्या मधोमध ट्राम धावताना दिसली, की समजावं, हे चित्रण ३१ मार्च १९६४च्या आधीचं. त्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम गेली आणि मुंबईच्या कानांतली एक घंटा कायमची थांबली. फ्लोरा फाउंटनशेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार दिसत नसतील, तर हुतात्मा स्मारक अजून व्हायचं आहे. सातवा एडवर्ड अजून काळ्या घोड्यावर चौकात बसलेला असेल, तर १९६५ साल संपायचं आहे; पुढे राजा आणि घोडा दोघांचीही रवानगी राणीच्या बागेत झाली. मरीन ड्राइव्हच्या टोकाला एअर इंडियाच्या इमारतीच्या जागी नुसतं आभाळ असेल, तर सत्तरचं दशक अजून भरात आलेलं नाही.

जुन्या चित्रपटांतली मुंबई शोधत हिंडणाऱ्यांना या खुणा पाठ असतात. मी त्यांतलाच. नायिका गात असते आणि माझे डोळे तिच्या खांद्यामागच्या पाटीवर असतात. दुकानाच्या नावातली दोन अक्षरं, गॅलरीचा गोल कोपरा, कठड्याची नक्षी, सावली कोणत्या बाजूला पडली आहे ते. बेस्टनं तर फार उपकार करून ठेवले आहेत. बसच्या कपाळावरचा आकडा देवनागरीत असतो, आणि १२३ दिसलं की समुद्र जवळच आहे हे मराठी डोळ्यांना लगेच कळतं. भिंतीवर दुसऱ्याच कुठल्या चित्रपटाचं पोस्टर चिकटवलेलं असलं, तर सालही हाती लागतं. मग ती चौकट थांबवायची, फोनमध्ये घ्यायची आणि त्या जागी जाऊन उभं राहायचं. जागा बहुधा सापडते. तिच्यावर जे उभं होतं ते सापडत नाही.

राज खोसलांच्या ‘सी.आय.डी.’मधलं जॉनी वॉकरचं मुंबईवरचं गाणं सगळ्यांना ठाऊक आहे. मजरूह सुलतानपुरींच्या त्या गाण्यातल्या एकाच ओळीत ट्रामही आहे आणि गिरणीही. दोन्ही गेल्या. हा चित्रपट १९५६चा. त्याच्या आदल्याच वर्षी, २१ नोव्हेंबर १९५५ला, फ्लोरा फाउंटनला संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या काळातल्या चित्रपटांत फोर्टमधला रस्ता दिसला, की मी मागच्या गर्दीकडे फार वेळ बघत राहतो. धोतर, टोपी, हातात पिशवी, डोळ्यांवर उन्हासाठी आडवा धरलेला हात. यांतले कोण त्या दिवशी चौकात होते? कथेला त्यांच्याशी काही देणंघेणं नाही. कॅमेरा नायकासाठी लावलेला होता, आणि हे लोक त्याच्या वाटेत आले म्हणून राहिले.

माझ्या लेखी जुन्या चित्रपटांची खरी दौलत हीच आहे. जे मुद्दाम टिपलं, ते अनेकदा खोटं होतं. छत्रीखाली राज कपूर आणि नर्गिस भिजतात तो ‘श्री ४२०’मधला रस्ता शोधायला आजही लोक निघतात. तो रस्ता मुंबईत कुठेच नव्हता. तो पाऊस चेंबूरच्या आर. के. स्टुडिओत पाडलेला होता. २०१७च्या सप्टेंबरात त्या स्टुडिओला आग लागली, जुने पोशाख आणि वस्तू जळाल्या, आणि २०१९मध्ये जागा बांधकाम कंपनीला विकली गेली. म्हणजे जो रस्ता कधी नव्हताच, तोसुद्धा आपण गमावला. मालाडला हिमांशू राय यांनी १९३४ साली उभ्या केलेल्या बॉम्बे टॉकीजचंही तेच झालं. ‘अछूत कन्या’ आणि ‘किस्मत’ जिथे घडले त्या आवारात पुढे लहानमोठे कारखाने आणि गाळे आले. पत्ता सांगताना लोक अजून ‘बॉम्बे टॉकीज’ म्हणतात.

नावं अशी चिवट असतात. गिरगावात मॅजेस्टिक सिनेमा होता. १४ मार्च १९३१ला तिथे ‘आलमआरा’ लागला आणि या देशाचा चित्रपट बोलू लागला. थिएटर पाडलं गेलं, त्या जागी दुकानांची इमारत आली. ‘आलमआरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पडदा गेला आणि त्यावर उमटलेलं चित्रही गेलं. ऐकायला आता कोणी नाही, की काय ऐकलं ते सांगायला कोणी नाही. उरलं ते मराठी वाचकाच्या घरात, पुस्तकांच्या कण्यावर. मॅजेस्टिकच्या आसऱ्याला कोठावळ्यांनी पुस्तकांचं दुकान, पुढे प्रकाशन थाटलं आणि थिएटरचंच नाव घेतलं. पुस्तक उघडताना ते नाव आपण वाचतो, आणि त्याच्या मागे एक नाहीसं झालेलं थिएटर आहे हे बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. त्याच गिरगावात कोरोनेशन होतं, ३ मे १९१३ला फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ जिथे लोकांसमोर आला. त्याचाही मागमूस नाही. आणि ७ जुलै १८९६ला ल्युमिए बंधूंची हलती चित्रं मुंबईनं पहिल्यांदा पाहिली ते वॉटसन हॉटेल लोखंडी सांगाड्यावर अजून काळ्या घोड्याजवळ उभं आहे, पण २०१९पासून आत कोणी राहत नाही.

काळ्या घोड्याचा विषय निघाला आहे तर समोवार या उपाहारगृहाविषयी सांगायला हवं. जहांगीर कलादालनाच्या पोटातली एक अरुंद, लांबट गॅलरी, एका बाजूला कलादालनाची भिंत, दुसऱ्या बाजूला बागेची हिरवळ. १९६४ला सुरू झालं, २०१५च्या मार्चअखेर बंद झालं. बासू चटर्जींच्या ‘छोटी सी बात’मध्ये ते आहे. त्या चित्रपटातली मुंबई मला सगळ्यात जवळची, कारण तिथे बसस्टॉपवर उभं राहणं हीच केवढी मोठी घटना आहे. अमोल पालेकर ज्या तऱ्हेनं रांगेत उभा राहतो, विद्या सिन्हा पदर सावरून ज्या तऱ्हेनं बसमध्ये चढते, त्या तऱ्हेनं माझे काका-मावश्या फोर्टमधल्या कचेऱ्यांत गेल्या. समोवारमध्ये एका चहावर तासभर बसता यायचं आणि उठा म्हणायला कोणी येत नसे. समोरचं संगीताचं दुकान, ऱ्हिदम हाऊस, २०१६ला बंद झालं. आता त्या कोपऱ्यावर मी उभा राहतो तेव्हा दोन दारं डोळ्यांपुढे येतात. एकातून चहाचा वास यायचा, दुसऱ्यातून सतारीचा तुकडा.

पावसासाठी मात्र ‘मंझिल’कडेच जावं लागतं. १९७९चा चित्रपट, तोही बासूदांचाच, कॅमेरा के. के. महाजनांचा. त्यातल्या एका गाण्यात सूट-बूट घातलेला अमिताभ आणि साडीतली मौसमी चटर्जी खऱ्या पावसात चालत सुटतात. ओव्हल मैदान, मरीन ड्राइव्ह, कठड्यावरून उसळून रस्त्यावर येणारं पाणी. हा पाऊस आर. के.सारखा पाडलेला नाही. तो आभाळातून आलेला आहे आणि त्याला कॅमेऱ्याची पर्वा नाही. काच धुरकट होते, साडी पायाला चिकटते, बुटांत पाणी शिरल्यावर माणूस जसा जड चालतो तसा अमिताभ चालतो. मागे काळ्या-पिवळ्या टॅक्स्या वायपर हलवत जातात. अशा गाण्यांतून मागून जाणाऱ्या जुन्या डिझेल डबलडेकर २०२३च्या सप्टेंबरात गेल्या, आणि पुढच्याच महिन्याच्या अखेरीला प्रीमियर पद्मिनी टॅक्सीही. ओव्हल आहे, समुद्र आहे, मरीन ड्राइव्हच्या गोल सज्ज्यांना तर २०१८मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. तरी दर पावसाळ्यात मी तिथे जातो तेव्हा काहीतरी कमी असतं. बहुधा ती मोकळीक. इतक्या मधोमध, इतक्या सावकाश, दोन माणसांनी भिजत चालावं एवढा रस्ता आता कुणाच्या वाट्याला येत नाही.

एकदा गिरगावात एका जुन्या मराठी चित्रपटातली गल्ली शोधत होतो. वरच्या गॅलरीतून एक आजी बराच वेळ पाहत होत्या. शेवटी त्यांनीच विचारलं, “काय हो, घर शोधताय का कुणाचं?” वर गेलो, फोन दाखवला. त्यांनी चष्मा लावला, नायकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“हे सकाळचं आहे,” त्या म्हणाल्या. “दुपारचं ऊन या कठड्यावर यायचं. इथे पापड वाळत घालायचो आम्ही.”

“म्हणजे हीच गल्ली?”

“हीच की! हा नळ बघा ना. आता समोर टॉवर झालाय. भर दुपारी दिवा लावावा लागतो.”

मी पाट्या आणि नक्ष्या धुंडाळत होतो आणि त्यांनी उन्हावरून जागा ओळखली. गिरगाव-काळबादेवीत मेट्रोसाठी काही इमारती पाडल्या, पुनर्विकासात कितीतरी चाळी गेल्या, त्याची मोजदाद कुठेतरी कागदावर असेल. उन्हाची मोजदाद कुठे होते? ‘मुंबईचा जावई’मध्ये आणि त्यावरून हिंदीत आलेल्या ‘पिया का घर’मध्ये चाळीतल्या दाटीची, नव्या जोडप्याच्या कोंडीची गोष्ट आहे. पण पडद्यावर त्या दाटीत उजेड आहे. सामाईक गॅलरीतून तो सगळ्यांच्या दारात सारखा येतो.

एक चौकट माझ्या मनातून जात नाही. अवतार कृष्ण कौल यांचा ‘२७ डाऊन’, १९७४, काळा-पांढरा. छायाचित्रण अपूर्व किशोर बीर यांचं. व्ही. टी.चा फलाट उंचावरून दिसतो, रिकामा. लोकल येते, अजून थांबलेलीही नसते तोच दारांतून माणसं उड्या टाकतात, आणि बघता बघता फलाटाची फरशी दिसेनाशी होते. त्या माणसांना आपण चित्रपटात आहोत याचा पत्ता नाही. त्यांना कामाला उशीर झाला आहे. कौल यांचा हा पहिला आणि अखेरचा चित्रपट. त्याच वर्षी पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला. आणि चेतन आनंद यांच्या ‘आखरी खत’मध्ये जेमतेम चालू लागलेलं एक मूल १९६६च्या मुंबईत एकटं हिंडतं. कॅमेरा त्याच्या मागे, त्याच्या उंचीवर. म्हणून शहर गुडघ्यांपासून खाली दिसतं: पायजम्यांचे काठ, सायकलींची चाकं, पदपथाची कड. इतक्या खालून मुंबई क्वचितच कुणी पाहिली असेल. बाजूनं जाणारे काही जण मुलाकडे वळून बघतात, काही तसेच जातात. ते सगळे आज कुठे असतील हे विचारण्यात अर्थ नाही, तरी मी विचारतो. कुणाच्या आजोबांचा चालतानाचा एकमेव पुरावा त्या रिळात असेल आणि घरात कुणाला त्याची कल्पनाही नसेल.

सगळ्यात मोठी पोकळी गिरणगावाची. अडीच लाख माणसं १८ जानेवारी १९८२ला संपावर गेली, ती ज्या भोंग्यांवर उठत-झोपत होती ते भोंगे पडद्यावर फार थोडे ऐकू येतात. मरीन ड्राइव्ह हजार वेळा चित्रित झाला. लालबाग-परळची चिमणी बहुतेकदा मागे, दूर, धुरासकट दिसते आणि दृश्य बदलतं. सईद मिर्झांच्या १९८०च्या ‘अल्बर्ट पिंटो’मध्ये गिरणी कामगार निदान बोलतात तरी. २०१०मध्ये ‘लालबाग परळ’ आला तेव्हा गिरण्यांतलं खरं फारसं काही शिल्लक नव्हतं. तिथे चौकट घेऊन जाणारा माझ्यासारखा माणूस रिकाम्या हातानंच फिरतो. शोधायला जागा आहे, जुळवायला चित्र नाही. जेवणाच्या सुट्टीत फाटकाबाहेर येणारी बायकांची रांग, खानावळीतली पंगत, पगाराच्या दिवशीचा नाका. हे कुणाच्या नायकामागे आलंच नाही.

सध्या मी भीमसेन यांच्या ‘घरोंदा’मागे आहे. १९७७. सुदीप आणि छाया, दोघं कारकून, एका खोलीसाठी पै-पै जमवणारे. एका गाण्यात ते अर्धवट बांधलेल्या इमारतींतून हिंडतात, विटांच्या भिंतीत भावी स्वयंपाकघर बघतात, कठडा नसलेल्या जिन्यानं वर चढतात. पुढे बिल्डर पैसे घेऊन पळतो. त्या इमारती मात्र कुणीतरी पुऱ्या केल्या असणार, त्यांत संसार झाले असणार. आज त्या पन्नाशीला आल्या. म्हणजे पुनर्विकासासाठी रहिवाशांच्या सभा भरत असतील, कागदांवर सह्या होत असतील, भाडं किती मिळणार यावर जिन्यात वाद होत असतील. मला त्यांतल्या एकाही इमारतीचा पत्ता अजून लागलेला नाही. तुमच्या ओळखीत सत्तरच्या दशकाच्या मध्यावर बांधलेल्या इमारतीत पहिल्या दिवसापासून राहणारं कुणी असेल, तर त्यांना ते गाणं एकदा दाखवा आणि जिना ओळखता येतो का विचारा. ओळखला, तर पाडकाम सुरू व्हायच्या आत मला कळवा. त्या जिन्यानं मला एकदा वर चढून जायचं आहे.