मेजाचा खण

माझ्या लिहिण्याच्या मेजाला उजव्या बाजूस एक खण आहे. मेज वडिलांच्या वेळचें, सागवानी. परंतु पावसाळा आला कीं हा खण फुगतो आणि लोटतांना कुरकुरतो. घरांतल्या मंडळींना त्या आवाजाची इतकी सवय झाली आहे कीं तो कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. मला मात्र तो दर वेळीं ऐकूं येतो, आणि त्याचें कारण सुतारकामांत नसून माझ्या वर्तनांत आहे.

१९९५ सालच्या आषाढांतली गोष्ट. माझा आतेभाऊ तुरुंगांतून सुटल्यावर चौथ्या दिवशीं माझ्याकडे आला. माझ्याहून तो आठ वर्षांनीं धाकटा, आणि मोठा गुणी मुलगा. विजेचीं यंत्रें जणूं त्याचीं बोटें ओळखत असत. साऱ्या आळींतले पंखे आणि रेडिओ तो हंसत हंसत दुरुस्त करून देई. पिंपरीकडे एका कारखान्यांत त्याला बरी नोकरी होती. तेथेंच रात्रपाळीच्या सोबत्यांबरोबर त्याला गर्दचें व्यसन जडलें. पुढचा क्रम, ज्यांच्या घरीं हें घडलें आहे त्यांना सांगावयास नको. आधीं पगार गेला, मग आत्याच्या बांगड्या गेल्या, मग नोकरी गेली, आणि शेवटीं त्याच्या शब्दाची किंमत गेली. एके रात्रीं पुडीसह तो पकडला गेला आणि त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. कोठडींतले पहिले आठ दिवस त्यानें फरशीवर तळमळत काढले, असें तो पुढें सांगत असे. त्या यातनेवर औषध होतें. त्याच्यापर्यंत मात्र तें पोहोंचलें नाहीं.

तो समोर बसला. चेहऱ्यावर तेज आलें होतें, अंगांत धुतलेला सदरा होता. म्हणाला, "दादा, सहा महिने कणही शिवलेला नाहीं. कुठें तरी कामाला लाव. केर काढायचें काम असलें तरी चालेल."

माझ्या एका स्नेह्याच्या छापखान्यांत वीजकामाला माणूस हवा होता. कोणी माहितीचा असल्यास पाठवा, असें त्यानें आठवड्यापूर्वींच मला सांगितलें होतें. मी "पाहतों" म्हणालों. आणि बोलतां बोलतां माझा हात मेजावरच्या घड्याळाकडे गेला. शेजारीं शंभराच्या दोन नोटा होत्या. घड्याळ आणि नोटा मीं उचलून खणांत टाकल्या व खण लोटला. खण कुरकुरला. त्यानें खणाकडे पाहिलें, मग माझ्याकडे, आणि मग हातांतल्या कपाकडे. चहा त्यानें पुरता संपविला. रीत तो कधीं विसरला नाहीं. "येतों, दादा," म्हणून तो उठला. छापखान्याचें नांवही माझ्या तोंडून निघालें नाहीं.

त्यानंतर सहाव्या दिवशीं तो रस्त्याच्या कडेला बेशुद्ध सांपडला. कोणा रिक्षावाल्यानें त्याला रुग्णालयांत नेलें म्हणून तो वांचला. तेथल्या डॉक्टरांनीं मला जें समजावून सांगितलें, तें तोंवर मला ठाऊक नव्हतें. सतत घेणाऱ्याचें शरीर विषाला सरावतें. कांहीं महिने खंड पडला कीं तो सराव ओसरतो. सुटलेला माणूस जुन्याच मापानें घेतो, आणि जें माप पूर्वीं त्याला नुसती गुंगी आणी, तेंच आतां त्याचा श्वास थांबवितें. सहा महिने तो निर्व्यसनी राहिला, याचा आम्हांला केवढा दिलासा वाटत होता! त्याच सहा महिन्यांनीं त्याचा पुढचा झुरका अधिक घातक केला होता.

हा एकट्या आमच्या घरचा योगायोग असेल, अशी मीं पुष्कळ वर्षें समजूत घातली. परंतु २००७ सालीं अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्याच्या तुरुंगांतून सुटलेल्या तीस हजारांहून अधिक बंदिवानांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचें प्रमाण इतर रहिवाशांच्या सुमारें तेरा पट होतें. आणि अमली पदार्थांच्या अतिसेवनानें होणाऱ्या मृत्यूचें प्रमाण १२९ पट. माझ्याकडे तो चौथ्या दिवशीं आला होता आणि दहाव्या दिवशीं पडला होता. आंकडे परक्या देशाचे खरे. परंतु माणसाचें शरीर सर्वत्र एकच.

गडकऱ्यांचें 'एकच प्याला' १९१९ सालीं रंगभूमीवर आलें, आणि तेव्हांपासून किती पिढ्यांनीं सुधाकराच्या ऱ्हासावर अश्रू ढाळले असतील! तो प्याला सर्वांच्या स्मरणांत आहे. परंतु त्याच नाटकांत सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करून कामाच्या शोधांत बाहेर पडतो आणि प्रतिष्ठित मंडळी त्याला झिडकारतात, हा भाग कितीजणांना आठवतो? पुन्हा प्याला हातीं घेण्यापूर्वीं त्याच्यासमोर कांहीं दारें बंद झालेलीं असतात. मीं तें नाटक तीन वेळां पाहिलें होतें, आणि तिन्ही वेळां सिंधूसाठीं डोळे पुसले होते. तरीही त्या आषाढांत मी उभा राहिलों तो दार लोटणाऱ्या मंडळींत.

सारा दोष माझ्या खणाचाच होता असें म्हणून मी राज्यकर्त्यांना मोकळें सोडीत नाहीं. अमली पदार्थांसंबंधींचा आपला १९८५ सालचा कायदा कठोर म्हणून प्रसिद्ध आहे; परंतु त्यांतही एक खिडकी आहे. कलम ३९ अन्वयें, अल्प गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला तात्काळ शिक्षा न सुनावतां, त्याच्या संमतीनें व बंधपत्रावर, उपचारासाठीं पाठविण्याची मुभा न्यायालयाला आहे. स्वेच्छेनें उपचार पत्करणाऱ्यास खटल्यापासून संरक्षण देणारें कलमही त्यांत आहे. आमच्या घरांत हें कोणास ठाऊक नव्हतें आणि आमच्या वकिलानेंही कधीं सांगितलें नाहीं. पुढें २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यानें दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशीं निगडित मनोविकारांचा समावेश आजारांतच केला. म्हणजे कायद्याच्या पुस्तकांत तो रोगीही ठरला आहे. तो निव्वळ अपराधी उरला आहे तो आपल्या मनांत आणि कचेऱ्यांच्या वहिवाटींत. केंद्र सरकारनें करविलेल्या आणि २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत दिसून आलें कीं, दारूच्या पूर्ण आहारीं गेलेल्या सुमारें ३८ माणसांमागें एकालाच कसलें तरी उपचारसाहाय्य मिळतें. उरलेल्या सदतीस जणांना आपण काय देतों? उपदेश.

मागणें फार नाहीं. व्यसनी कैदी तुरुंगांत आला त्याच दिवशीं त्याचा उपचार सुरू व्हावा. मेथॅडोन व ब्युप्रेनॉर्फिन हीं औषधें जागतिक आरोग्य संघटनेनें २००५ सालींच अत्यावश्यक औषधांच्या यादींत घातलीं आहेत; तीं गजांच्या आड मिळावींत आणि सुटकेच्या दिवशीं तीं खंडित होऊं नयेत. फाटकाबाहेर पाऊल टाकतांना त्याच्या हातांत डॉक्टरांच्या नांवाची चिठ्ठी, ओळखीचे कागद आणि चार दिवसांचा खर्च असावा. त्या पहिल्या पंधरवड्यांत कोणी तरी जाणत्या माणसानें रोज त्याची विचारपूस करावी. आणि त्याला काम मिळावें.

यावर एक शंका घेतली जाते, आणि ती रास्त आहे. अशा माणसाला घरांत घेतलें आणि चोरी झाली तर? पहिल्याच दिवशीं तिजोरीच्या किल्ल्या द्या, असें मी म्हणत नाहीं. विश्वास हा एकदम द्यावयाचा नसतो, हप्त्यांनीं द्यावयाचा असतो. परंतु पहिला हप्ता कोणी तरी दिल्यावांचून दुसऱ्याची वेळ येत नाहीं. आणि तो पुन्हा घसरला तर? घसरेलही. मधुमेही माणसानें सणाला श्रीखंड खाल्लें म्हणून डॉक्टर त्याला दवाखान्याची पायरी बंद करीत नाहींत. ते त्याचें औषध पुन्हा ठरवितात.

माझा भाऊ दोनदां घसरला. तिसऱ्या खेपेस व्यसनमुक्ती केंद्रांतून परतला तेव्हां आळींतल्या पिठाच्या गिरणीवाल्यानें त्याला मोटारीच्या देखभालीस ठेवलें. रोजचा पैसा त्याच्याच इच्छेनें रोज संध्याकाळीं आत्याच्या हातीं दिला जाई. वर्षानें त्यानें गल्ल्यावर बसावयास सुरुवात केली. गिरणीवाल्यानें नाटकें पाहिलीं होतीं कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं.

आतां त्याचें स्वतःचें दुरुस्तीचें लहानसें दुकान आहे आणि केंस पांढरे झाले आहेत. गेल्या पावसाळ्यांत तो आला असतां मीं चष्म्यासाठीं खण ओढला. "किती कुरकुरतो रे, दादा! आण, कड घासून देतों," म्हणून त्यानें खण सरळ बाहेर काढला. आंत कागदांबरोबर कांहीं नोटा होत्या. खणाला हात घालण्यापूर्वीं त्यानें त्या नोटा माझ्यासमोर एक एक करून मेजावर मांडल्या, मोठ्यानें मोजल्या, आणि म्हणाला, "बघ, सातशें आहेत ना?"

तीस वर्षें होत आलीं. मीं त्या मोजल्या नाहींत. खणही घासूं दिला नाहीं.