उताराची वाट

पन्नाशी उलटली की माणसाला दोन व्यसने जडतात; एक आपल्या प्रकृतीविषयी बोलण्याचे आणि दुसरे आपल्या तारुण्यातील मूर्खपणाविषयी बोलण्याचे. पहिल्या व्यसनाने ऐकणाऱ्यास कंटाळा येतो. दुसऱ्याने त्याची करमणूक होते, आणि म्हणूनच दुसरे अधिक घातक असते. आम्हांस ही दोन्ही व्यसने आहेत. पहिल्याच्या बाबतीत घरातील मंडळी आम्हांस वेळच्या वेळी आवरतात. दुसऱ्याच्या बाबतीत आजवर कोणीच आवरले नव्हते; आणि त्याचा परिणाम गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी चिखलाने माखून आमच्या दाराशी उभा राहिला. परंतु ती हकीकत सांगण्यापूर्वी मूळ मूर्खपणाची हकीकत सांगणे प्राप्त आहे.

1988 साली आम्ही नगरच्या एका महाविद्यालयात बी. ए.च्या वर्गात होतो. (2024 साली या शहराचे नाव अहिल्यानगर झाले, परंतु जुन्या आठवणींबरोबर तोंडी जुनेच नाव येते, त्यास आमचा इलाज नाही.) शिकावयास नगरास आणि राहावयास नागापुरास, मामांच्या बिऱ्हाडी, अशी आमची व्यवस्था होती. नागापूर हे मनमाडच्या रस्त्यावरचे, सीना नदीच्या काठचे गाव. शेजारी औद्योगिक वसाहत असल्यामुळे गावाला दोन चेहरे होते. एकीकडे कारखान्यांचे भोंगे आणि दुसरीकडे ज्वारीची शेते, मोटेच्या काळातल्या विहिरी आणि संध्याकाळी परतणाऱ्या गुरांची धूळ. नगरहून येताना वाटेत नदी लागे. तिच्यावर चांगला भक्कम पूल होता, हे वाचकांनी कृपा करून ध्यानात ठेवावे.

सीना ही तशी पुढे नाव कमावणारी नदी आहे. सोलापूर जिल्ह्यात जाऊन ती भीमेस मिळते. परंतु उगम नगरच्याच डोंगराळ भागात असल्यामुळे नागापुरापाशी ती अगदी बाल्यावस्थेत असते. मुलूख पर्जन्यछायेतला, वर्षातील बहुतेक महिने पात्रात गोटे, वाळू आणि एखादे डबके. अशा नदीविषयी कोणास धाक वाटत नाही, आणि तिचा धोका आहे तो येथेच. डोंगर उघडे, जमीन खडकाळ, उतार तीव्र. पडलेले पाणी मुरत नाही, धावत सुटते. वरच्या अंगास दोन तास जोराचा पाऊस झाला की खाली निरभ्र आकाश असतानाही लोंढा येऊन ठेपतो. हे शास्त्र आम्हांस त्या वेळी ठाऊक नव्हते. गावातल्या गुराख्याच्या पोराला ते ठाऊक होते. पण तो बी. ए.च्या वर्गात नव्हता.

सप्टेंबरचा शेवट होता. हस्त लागला होता. आम्ही तिघे मित्र नगरहून पायी परतत होतो. पश्चिमेस डोंगरांवर काळे ढग दाटले होते आणि मधून मधून गडगडत होते. आमच्या डोक्यावर मात्र कोवळे ऊन होते. पुलाच्या अलीकडे जुनी उताराची वाट पात्रात उतरते, तेथे आम्ही थांबलो. पाणी गढूळ, गुडघ्याच्या जरा खाली. तिघांपैकी एकजण म्हणाला, "पुलावरून काय म्हातारेही जातात." एवढे वाक्य पुरे झाले. त्या वयात माणसाला मरणाची भीती वाटत नाही. म्हातारे म्हटले जाण्याची वाटते. एका मिसळीची पैज लागली आणि आम्ही वहाणा हातात घेऊन पाण्यात शिरलो.

निम्मे पात्र ओलांडेपर्यंत पाणी मांड्यांपर्यंत आले. ते कसे आले हे दिसले नाही. फक्त पायांखालची वाळू सरकू लागली आणि गोट्यांचा एकमेकांवर आपटण्याचा दबका आवाज पाण्यातून ऐकू येऊ लागला. पुढे कधीतरी एका पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापक स्नेह्याने आम्हांस समजावून दिले की पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा चौपट होतो. गुडघ्याइतके वेगवान पाणी धडधाकट माणसाचे पाय उखडते आणि दोन फूट वाहते पाणी मोटार उचलून नेते. एक घनमीटर पाणी म्हणजे एक हजार किलो वजन. असे कित्येक हजार किलो त्या घटकेला आमच्या अंगावर चालून येत होते, आणि त्यांच्याशी आमची मिसळीची पैज होती.

तोल गेला तो आमचा. एका मित्राने आमच्या सदऱ्याची कॉलर धरली, म्हणून आम्ही त्याच्यासह वाहू लागलो. तिसरा एका खडकास चिकटून ओरडत होता. एवढ्यात काठावरून कोणीतरी धावत आले. बैल घेऊन घराकडे निघालेला एक शेतकरी होता. त्याने बैलांचे कासरे सोडून एकास एक गाठले, एक टोक बाभळीच्या बुंध्यास वेढले आणि दुसरे आमच्याकडे फेकले. पहिल्या खेपेस ते हुकले. दुसऱ्या खेपेस आमच्या हातात आले. त्याने एकट्याने आम्हां दोघांस ओढून काढले आणि मग तिसऱ्यास. आम्ही काठावर पालथे पडून गढूळ पाणी ओकत असताना त्याने आमच्याकडे पाहिले आणि तो एवढेच बोलला, "पूल काय ढोरांसाठी बांधलाय व्हय रे?" त्याचे दोन्ही तळहात कासऱ्याने सोलून निघाले होते. त्याने ते धोतरास पुसले, बैलांना हाक घातली आणि तो मळ्याच्या वाटेने निघून गेला. आमच्या वहाणा गेल्या होत्या आणि ग्रंथालयाचे एक पुस्तक गेले होते. पुस्तकाचा दंड आम्ही भरला. त्या संध्याकाळची आम्ही दिलेली किंमत काय ती एवढीच, अशी आमची पस्तीस वर्षे समजूत होती.

आता दुसऱ्या, आणि आमच्या मते मोठ्या, मूर्खपणाकडे वळू. ही हकीकत आम्ही सांगू लागलो.

प्रथम ती आम्ही दबक्या आवाजात, मामांच्या कानावर जाणार नाही अशा बेताने सांगत असू. त्या आवृत्तीत भीती होती, कासरा होता, शेतकरी होता. पुढे नोकरी लागली, लग्न झाले. सासुरवाडीस सांगताना आमची किंचाळी गाळली गेली. मग तोल जाण्याचा मान आम्ही मित्राला दिला, कारण तो परगावी होता आणि त्याची तक्रार येण्याचा संभव नव्हता. वर्गात सांगताना पाणी गळ्यापर्यंत आले. शेतकऱ्याचे प्रथम हात गेले, मग शब्द गेले, मग एके दिवशी तो सबंधच गेला. त्याच्या जागी एक बाभळीची फांदी आली व ती आम्हीच पकडली. यात आम्ही जाणूनबुजून खोटे बोललो असे नाही. नदीतला गोटा जसा वाहता वाहता गुळगुळीत होतो, तशी आठवण सांगता सांगता होते. तिचे टोचणारे कंगोरे तेवढे नेमके झिजतात. आणि श्रोते हसत, हे तर होतेच. हसणाऱ्या श्रोत्यांपुढे सत्य सांगावयास पुराच्या पाण्यात शिरण्यापेक्षा अधिक धैर्य लागते.

तारुण्यातील धाडसाच्या गोष्टींत आणखी एक लबाडी असते. त्या सांगणारा नेहमीच जिवंत असतो. जे उताराच्या वाटेने गेले आणि परत आले नाहीत, त्यांची हकीकत चहाच्या वेळी कोणी सांगत नाही. त्यामुळे ऐकणाऱ्याचा असा ग्रह होतो की अशा प्रसंगी माणूस सहसा वाचतोच. आमच्या मुलाचा असाच ग्रह झाला होता.

गेल्या पावसाळ्यात तो आणि त्याचा मित्र दुचाकीवरून येत होते. वाटेत एका ओढ्याच्या फरशीवरून पाणी चालले होते. अलीकडे पाच-सहा माणसे पाणी ओसरण्याची वाट पाहत उभी होती, त्यांनी हटकले. हे दोघे तरीही शिरले. गाडी वाहून गेली. मुले खालच्या अंगास झुडपात अडकली व लोकांनी त्यांस बाहेर काढले. रात्री तो दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या कपाळावर जखम होती. आम्ही जे काही बापाने बोलावयाचे ते बोलू लागलो. त्याने ते खाली मान घालून ऐकून घेतले, आणि शेवटी अगदी सरळपणे, उद्धटपणाचा लवलेशही नसताना, विचारले, "पण बाबा, तुम्हीही गेला होतात ना?"

अध्यापनाच्या तीस वर्षांत आम्हांस अनेक अवघड प्रश्न विचारले गेले आहेत, आणि उत्तर येत नसताना उत्तर देण्याची कलाही आम्हांस अवगत आहे. त्या रात्री ती उपयोगी पडली नाही.

झोप न आल्यामुळे आम्ही कपाटातली पुस्तके चाळीत बसलो. तरुणपणी जिवावर उदार होणारे लोक आपल्याकडे थोडे झालेले नाहीत. धोंडो केशव कर्वे 1875 साली, सतराव्या वर्षी, परीक्षेसाठी कोकणातील मुरुडहून साताऱ्यापर्यंत शंभर मैलांहून अधिक वाट पावसाळ्यात घाट चढून चालत गेले; आणि तेथे वयाने लहान दिसतात म्हणून त्यांस परीक्षेस बसू दिले नाही. आपल्या 'आत्मवृत्ता'त त्यांनी ही निराशाही लिहून ठेवली आहे. त्यांच्या धाडसाला हेतू होता. आमच्या धाडसाला मिसळ होती. आणि नागापुरावरून जाणारा हाच रस्ता पुढे ज्या राहुरीस जातो, तेथे काही काळ राहिलेल्या लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे' काढली. 1934 पासून ती पुस्तकरूपाने येऊ लागली. त्या बाई स्वतःच्या वेडेपणावर जितक्या मोकळेपणी हसतात, तितक्याच मोकळेपणी इतरांच्या चांगुलपणाची नोंद करतात. त्यांच्या हकीकतीतून कोणाचे हात गळून पडत नाहीत. शेतकऱ्याला गाळल्यापासून आमची हकीकत अधिक रंगू लागली होती खरी. पण तिच्यातून जे गळले होते तेच ऐकण्यासारखे होते.

दुसऱ्या रविवारी आम्ही मुलाला बरोबर घेऊन नागापुरास गेलो. वास्तविक आम्ही आज सावेडीस राहतो. तेथून नागापूर फार तर तासाभराची पायवाट. त्या पुलावरून पस्तीस वर्षांत शेकडो वेळा मोटारीने गेलो असू. परंतु खाली उतरून कधी चौकशी केली नव्हती. मळ्याच्या जागी आता एक गुदाम आहे. विहीर बुजली आहे. चार ठिकाणी विचारल्यावर एकाने घर दाखविले. तो गृहस्थ काही वर्षांपूर्वी निवर्तला होता. ओट्यावर त्याची वृद्ध पत्नी लसूण सोलीत बसली होती.

आम्ही नमस्कार करून सारी हकीकत सांगितली. या खेपेस मूळची. किंचाळीसुद्धा. मुलगा ऐकत होता. बाई काही वेळ आमच्याकडे पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "न्हाई बा दादा, असं कधी काय बोलले न्हाईत ते. हात सोलले व्हते, तेवढं ध्यानात हाय. ऐन ज्वारीची पेरणी. आठ दिस पाभर धरता आली न्हाई, मजुरीचा माणूस लावावा लागला. मी इचारलं, तर म्हणले, बैलानं हिसडा दिला."

आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखे काय होते? ज्याने काहीच केले नव्हते, तो पस्तीस वर्षे बोलत राहिला होता. आणि ज्याने तीन जीव वाचविले, त्याने घरी बैलाचे नाव सांगितले होते. बहुधा त्याला ती गोष्ट सांगण्यासारखी वाटली नसावी. किंवा आमच्यासारख्या शिकलेल्या पोरांचा गाढवपणा चारचौघांत जाऊ नये, एवढीही त्याने काळजी घेतली असेल. आठ दिवसांची मजुरी कोणत्याही दंडाच्या पावतीत आलेली नव्हती.

बाईंनी चहा केला. निघताना आम्ही वाकून नमस्कार केला, तेव्हा त्या आमच्याशी न बोलता मुलाकडे वळल्या आणि त्याच्या कपाळावरच्या पट्टीस हात लावून म्हणाल्या, "पान्याचा भरवसा धरू नको रं बाळा." आम्ही त्या रात्री अर्धा तास जे सांगू पाहत होतो, ते एवढेच होते.

परत येताना मुलाने पुलावर गाडी आपणहून थांबविली. खाली पाणी अगदी थोडे होते. एक बगळा घोटाभर पाण्यात उभा होता. मुलाने विचारले, "बाभूळ कोठे होती?" आम्ही बोट दाखविले. तेथे आता बाभूळ नाही.

आमच्या मूर्खपणाच्या गोष्टी आम्ही सोडणार आहोत असे वचन आम्ही देत नाही. पन्नाशीनंतर व्यसने सुटत नाहीत असे वैद्यही सांगतात. परंतु ही एक हकीकत यापुढे आम्ही कासऱ्यापासून सुरू करू आणि सोललेल्या हातांपाशी संपवू. मधल्या भागात आम्ही वाहत आहोत, आणि किंचाळत आहोत. ज्या वाचकांनी ती आमच्या तोंडून यापूर्वी निराळ्या रीतीने ऐकली असेल, त्यांनी ती खोटी समजावी, आणि शक्य असल्यास ज्यांना ज्यांना ती सांगितली असेल त्यांनाही तसे कळवावे.